लिलाबाईचा पाय

समजा, तुम्ही एका रिक्षाच्या मागच्या चाकाशी जमिनीवर आडवे पडला आहात. चाक काढून बाजूला ठेवलेलं. उजव्या हातात पाना, डाव्या हातात काचेची बाटली, बाटलीत दोन बोटं ब्रेक ऑइल आणि त्या तेलात बुडालेलं एका पातळ नळीचं टोक. नळीचं दुसरं टोक ब्रेकच्या सिलिंडरवरच्या इवल्याशा निप्पलवर चढवलंय. ड्रायव्हरच्या जागेवर कुणीतरी बसलंय, पण ते तुम्हाला दिसत नाही. तुम्ही म्हणता, "दाब." ते माणूस पायडल तीन-चारदा दाबतं. तुम्ही म्हणता, "धर." ते दाबून धरतं. तुम्ही निप्पल अर्धा फेरा सैल करता. तेल नळीतून सुटतं, आणि आत हवा असेल तर बाटलीत बुडबुडे येतात. निप्पल आवळायचं आणि मगच म्हणायचं, "सोड." निप्पल उघडं असताना वरचा पाय उचलला गेला तर बाटलीतलं तेल नळीत मागं ओढलं जातं, आट्यांतून बाहेरची हवाही आत शिरते आणि सगळं काम पहिल्यापासून.

हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. नळीत हवा राहिली की पायडल पायाखाली ओल्या गोधडीसारखं दबतं आणि गाडी थांबायची तेव्हा थांबत नाही. खाली पडलेल्या तुम्हाला फक्त तेल दिसतं. पायडल नरम आहे की कडक, हे वरच्या पायालाच कळतं. तेव्हा त्या पायाचं ऐकायचं असतं.

जळगावच्या पिंप्राळ्यात, अठ्ठ्याऐंशी सालच्या चैत्रात, कौतिक मिस्तरीसाठी तो पाय त्याच्या बायकोचा होता.

कौतिक मूळचा एरंडोलकडचा. बाप धनसिंग दुसऱ्याच्या शेतात सालदारकी करायचा. पोरगं सातवीत नापास झालं तेव्हा बापानं त्याला धुळ्याला उखर्डूनानांच्या गॅरेजात नेऊन सोडलं. चार वर्षं तिथं कौतिकनं मोटारसायकली उघडल्या, धुतल्या, जोडल्या. उखर्डूनाना कमी बोलायचे. पण त्यांचा एक शिरस्ता होता. दुरुस्त केलेली गाडी गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी ते स्वतः चक्कर मारायचे, आणि मागं घरचं माणूस बसवायचे. कधी बायको, कधी सून. आग्रा रोडपर्यंत जायचं, जोरात ब्रेक मारायचा, परत यायचं. कुणी हसलं तर म्हणायचे, "आपलं माणूस बसवायला छाती होत नसेल, तर दुसऱ्याचं बसू देऊ नये."

कौतिकनं पिंप्राळ्यात घरासमोर पत्र्याची शेड टाकली तेव्हा तो शिरस्ताही सोबत आणला. घरचं माणूस म्हणजे लिलाबाई. गाडी तयार झाली की तो आत हाक मारायचा, "लिला, चल." ती हात धुवायची, पदर खोचायची, आणि परक्याच्या राजदूत मोटारसायकलवर मागं बसून रेल्वे गेटापर्यंत जाऊन यायची. गेट बंद असलं तर तिला बरं वाटायचं. भुसावळकडे जाणारी गाडी डोळे भरून बघता यायची. तिला स्वतःचं असं कुठं जायला नव्हतं. आठवड्याला तीन-चार फेऱ्या व्हायच्या. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "लिलाबाईची मजा आहे, रोज नवी गाडी!"

त्या फेऱ्यांतून तिला एक कला आली होती. गाडीवरून उतरताना ती सहज सांगायची, "मागलं चाक कुरकुरस." कौतिक आधी हसायचा. चाक काढून पाहिलं की बेअरिंग गेलेलं निघायचं. तो हे कुणाला सांगत नसे. पण उतरताना ती काही बोलते का, याकडे त्याचा कान असायचा.

झुलाल रिक्षावाला पिंप्राळा ते स्टेशन अशी रिक्षा चालवायचा. त्याच्या रिक्षाचं उजवं मागचं चाक आतून तेल गळू लागलं. नेहमीचा रिक्षामिस्तरी गावाला गेला होता. झुलाल कौतिककडे आला.

"जमेल ना, मिस्तरी? हे काय मोटारसायकल नाही."

खरं म्हणजे तिथंच थांबायला हवं होतं. कौतिकच्या ओळखीच्या मोटारसायकलींच्या मागच्या ब्रेकला सळई असते. मागचा नट चार फेरे फिरवला की काम झालं. तेलाच्या ब्रेकचं काम त्यानं धुळ्याला लांबून पाहिलं होतं, हातानं केलं नव्हतं. पण समोरच्या सलूनमधून पंडित न्हावी ऐकत होता. पंडितचं सलून म्हणजे पिंप्राळ्याचं वर्तमानपत्र. कौतिक म्हणाला, "ब्रेक तो ब्रेक. चार वाजता घेऊन जा."

जुनं सिलिंडर सडलेलं होतं. त्यानं नवीन आणलं. नव्या सिलिंडरला मागच्या बाजूनं दोन भोकं, एक वर, एक खाली. दोन्हींचे आटे सारखे. एकात तेलाची नळी बसते, एकात निप्पल. तेलाची लोखंडी नळी जुनी, गंजलेली, कुणीतरी आधीच वाकवलेली. ती खालच्या भोकापर्यंत नीट येईना, वरच्यात मात्र सुरेख बसली. कौतिकनं नळी वर आवळली आणि निप्पल खाली. दोन मिनिटांचं काम. डावं चाक धडधाकट होतं. त्याच्याकडे बघायची गरजच त्याला वाटली नाही.

हवा काढायला दुसरं माणूस हवं. झुलाल साडूकडच्या साखरपुड्याला गेलेला. कौतिकनं आत हाक मारली.

लिलाबाई ड्रायव्हरच्या जागेवर चढून बसली, तसा पंडित वस्तरा हातात घेऊनच सलूनच्या दारात आला.

"काय वहिनी, स्टेशनचं किती घेता?"

आतलं गिऱ्हाईक अर्ध्या तोंडाला साबण लावलेलं, तेही बाहेर आलं. "सीटवर चालते का मीटरवर?"

लिलाबाईनं तोंडाला पदर लावला, पण ती हसत होती. "तुम्ही आधी त्या भाऊची दुसरी बाजू करा," ती म्हणाली. "नाहीतर बायको ओळखायची नाही."

पंडित खदखदून हसला. खाली पडलेला कौतिक हसला नाही. त्याला वाटलं, लोक आपल्याला हसताहेत. मिस्तरी झाला आणि हाताखाली बाई घेऊन बसला!

"दाब," तो म्हणाला. "धर." तेल आलं. "सोड."

पहिल्यापासून बाटलीत नुसतं स्वच्छ तेल उतरत होतं. बुडबुडा एकही नाही. त्याला वाटलं, आपला हात लागल्यावर हवा राहतेय कुठं! दहा-बारा वेळा केलं. निप्पल आवळून तो उठला.

"झालं. उतर."

लिलाबाई उतरली नाही. तिनं पायडल परत एकदा दाबून पाहिलं. "आवो, आजून नरम शे," ती म्हणाली.

"नवीन माल आहे. बसेल."

"पण पाय खाले जास. पहिल्या बारीले जास, मंग दोनदा दाबं की कडक व्हस."

समोरून पंडित ओरडला, "काय म्हणतात मोठ्या मिस्तरी? पास का नापास?"

कौतिकच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "तुले काय समजस?" तो तिच्यावर खेकसला. "घरात जा."

ती उतरली आणि घरात गेली. कौतिकनं रिकामी रिक्षा एकट्यानं कोपऱ्यापर्यंत नेली, दोनदा पायडल मारून थांबवली, परत आणली. थांबली की. रिकामी रिक्षा काय, चप्पल घासूनही थांबली असती. त्या दिवशी लिलाला मागं बसवायचं त्याला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पंडित अजून दारात होता.

चार वाजता झुलाल आला तेव्हा कौतिक म्हणाला, "दोन दिवस पायडल दोनदा मारत जा. नवीन आहे, बसायला वेळ लागतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षात चार जण होते. रेल्वे गेट पडत होतं, समोर कडब्यानं भरलेली बैलगाडी उभी. झुलालनं पायडल मारलं. ते खाली गेलं. परत मारलं. तेवढ्यात कडबा काचेला भिडला. कडबाच होता म्हणून निभावलं. रिक्षा त्यात शिरली आणि एका अंगाला कलली. कडेला बसलेली भागाबाई बाहेर फेकली गेली. पन्नाशीची विधवा बाई, एकटी राहायची, उन्हाळ्यात लोकांचे उडदाचे पापड लाटून द्यायची. ती उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं.

भागाबाईला दवाखान्यात पोचवून लोकांनी रिक्षा ढकलत कौतिकच्या शेडपुढं आणली. वीसेक माणसं जमली. झुलालच्या केसांत अजून कडब्याच्या काड्या होत्या.

"मिस्तरी, काय केलं हे? पायडल थेट पत्र्याला टेकलं!"

पंडित म्हणाला, "कौतिक, हवा काढली होती का भरली होती रे?"

लोक हसले. एवढा गंभीर प्रकार, आणि हसले. कौतिकला त्या हसण्यानं जे झालं, ते शिव्यांनी झालं नसतं. तो बोलू लागला. आपण काय बोलतोय हे बोलल्यावर त्याला कळलं.

"हवा काढताना पायडल दाबून धरावं लागतं. पाय मधेच उचलला की हवा परत आत जाते. माझ्या हाताखाली माणूस नव्हता. घरच्या बाईला बसवलं होतं. तिनं उचलला असेल पाय."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. लिलाबाई दारात उभी होती. भाकरी करता करता बाहेर आलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाचे. तिनं मान खाली घालून स्वतःच्या उजव्या पायाकडे पाहिलं, जसं कुणी दुसऱ्यानं आणून ठेवलेल्या वस्तूकडे बघावं. मग आत गेली.

"जाऊ द्या," कुणीतरी म्हणालं. "बाईमाणूस आहे. तिला काय कळणार."

कौतिक "असेल" म्हणाला होता. संध्याकाळपर्यंत पिंप्राळ्यात ते "असेल" कुणाच्या तोंडी उरलं नव्हतं.

दुपारी शेडसमोर कुणी नव्हतं. कौतिकनं रिक्षा जॅकवर घेतली आणि दोन्ही मागची चाकं काढली. उजवीकडे पाहिलं. काही गळत नव्हतं. मग डावीकडे गेला, आणि तिथंच उकिडवा बसला. डाव्या सिलिंडरला निप्पल वर होतं, नळी खाली.

समजायला पळभर वेळ लागला. हवा हलकी, ती वर चढून बसते. वरच्या भोकातून काढली तरच निघते. त्यानं बाहेर पडायची वाट खाली ठेवली होती. खालून दिवसभर तेल काढलं असतं तरी स्वच्छच आलं असतं, आणि हवा वर तशीच बसून राहिली असती. बुडबुडा एकही नाही म्हणून तो खूश झाला होता!

लिलाचा पाय खरा होता. तिनं एकदाही मधे सोडला नव्हता. सोडला असता तर बाटलीतलं तेल नळीत मागं ओढलेलं दिसलं असतं. त्याचे डोळे बाटलीवरच होते. सकाळी लोकांपुढं तिचं नाव घेतलं तेव्हाही त्याला हे माहीत होतं.

त्यानं नळी सोडवली, गुडघ्यावर घेऊन हलक्या हातानं वाकवली, खालच्या भोकात बसवली. निप्पल वर लावलं. वरची तेलाची टाकी भरून निप्पल थोडं सैल केलं, तर तेल यायच्या आधी फस्स करून हवा आली. लांब, कुणी उसासा टाकावा तशी. तो झटकन मागं वळला.

शेडच्या दारात जोडव्यांचे दोन पाय होते. लिलाबाई कपबशी घेऊन उभी होती.

"चहा," ती म्हणाली आणि कप टूलबॉक्सवर ठेवला.

तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "जरा बसतेस का वर? थोडी हवा राहिली असेल."

"नको. मना पाय नको लावा त्याले," ती म्हणाली. "झुलालभाऊले सांगा."

ती गेल्यावर त्यानं कप उचलला. चहावर जाड साय धरली होती.

संध्याकाळी झुलाल आला. कौतिकनं त्यालाच वर बसवलं. दाब, धर, सोड. पाच मिनिटांत पायडल दगडासारखं कडक झालं. झुलालनं एकदा दाबलं, परत दाबलं, आणि मांडीवर थाप मारली.

"बघा! याला गड्याचा पाय लागतो, मिस्तरी!"

समोर पंडितच्या सलूनमध्ये दोघे-तिघे होते. सगळ्यांनी ऐकलं. कौतिकनं नुसतं "हं" म्हटलं.

सकाळचं बोलणं घाबरून तोंडातून निसटलं, असं तो स्वतःला समजावू शकला असता. हे "हं" मात्र त्यानं नीट विचार करून म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच लिलाबाई निघाली. हातात परात.

"कुठं?"

"भागाअक्काकडे. तिन्हा हात मोडना. तिले भाकर कोण करी?"

"तू कशाला? झुलाल बघेल काय ते."

"मना पायमुळे ना?" ती म्हणाली.

तिच्या आवाजात टोमणा होता का, हे त्यानं त्या क्षणी ऐकायला हवं होतं. पण त्याच्या कानात स्वतःचीच धडधड होती. नंतर पुष्कळदा त्यानं ते तीन शब्द आठवून पाहिले. आठवताना आवाज दर वेळी वेगळा यायचा.

दीड महिना भागाबाईचा हात प्लॅस्टरमध्ये होता. दीड महिना लिलाबाई रोज गेली. सकाळी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी थापायच्या, ठेचा वाटायचा, भागाबाईची वेणी घालायची. दुपारी स्वतःच्या घरचं आवरून परत जायचं आणि भागाबाईनं लोकांना कबूल केलेले पापड लाटायचे. उडदाचं पीठ कुटून कुटून तिचे खांदे भरून यायचे. रात्री ती तेल चोळायची. कौतिक भिंतीकडे तोंड करून पडायचा.

भागाबाई गल्लीत सांगायची, "पोरीचा पाय चुकला, पण हात देवानं दिलेत. माझ्या पापडापेक्षा हिचा पापड पातळ!" बायकांना ते कौतुक वाटायचं. कौतिकला ते शेडमध्ये ऐकू यायचं.

त्यानं आपल्या परीनं काही केलं. भागाबाईच्या दाराची कडी निखळली होती, ती बसवली. बादलीला नवीन कान लावला. एकदा स्टोव्ह दुरुस्त करायला गेला तेव्हा ठरवूनच गेला होता, की आज सांगायचं. भागाबाई गळ्यात हात अडकवून उंबऱ्यावर बसलेली. तो स्टोव्ह पुसत शब्द जुळवत होता. तेवढ्यात तीच म्हणाली, "मिस्तरी, बायकोवर राग धरू नका हो. चूक माणसाकडूनच होते. तिनं एकदा तोंडातून शब्द काढला नाही, की माझं काय चुकलं म्हणून. अशी बाई मिळत नाही."

कौतिकनं स्टोव्हला पीन मारली, पेटवून दाखवला आणि घरी आला.

प्लॅस्टर निघालं. गोष्ट जुनी झाली. त्यानंतर कौतिकनं रिक्षांचंही काम घेतलं, आणि चांगलं केलं. पण एक बदल झाला तो राहिलाच. आषाढात एक मोटारसायकल तयार झाल्यावर त्यानं आत हाक मारली, "लिला, चल. गेटापर्यंत."

"हात पिठात शेत," ती आतून म्हणाली.

पुढच्या वेळी कपडे भिजवलेले होते. त्याच्या पुढच्या वेळी त्यानं हाक मारली नाही. उखर्डूनानांचा शिरस्ता मोडला. कौतिक एकटाच चक्कर मारायला लागला. गेट पडलेलं असलं, भुसावळची गाडी जात असली, की मागची रिकामी सीट त्याला पाठीवर जाणवायची.

पाच वर्षं गेली. त्र्याण्णवच्या पावसाळ्यात त्यांची मुलगी तानी तापानं फणफणली. दोघं तिला जळगावात डॉक्टरकडे घेऊन गेले. तानी कौतिकच्या मांडीवर, लिलाबाई शेजारी. नर्सनं बाटलीतून औषध सिरिंजमध्ये ओढलं. मग सिरिंज उभी धरली, सुई छताकडे, नखानं दोन टिचक्या मारल्या. आतला बुडबुडा वर सरकला. नर्सनं दट्ट्या हळूच दाबला. सुईच्या टोकावर औषधाचा एक थेंब आला.

"हे कशाले?" लिलाबाईनं विचारलं.

"हवा काढायला लागते, मावशी," नर्स म्हणाली. "हवा आत जाऊन चालत नाही."

"हां," लिलाबाई म्हणाली. मग तानीच्या कपाळावरचे केस मागं सारत, ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "वरतूनच निंघस ना ती."

तिनं कौतिककडे पाहिलं नाही. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. तानी सुईला भिऊन रडली, लिलाबाई तिला समजावू लागली, आणि ते बोलणं तिथंच राहिलं. घरी येताना रिक्षात तिघं होते. रिक्षा गेटाशी थांबली. ब्रेक चांगला होता. लिलाबाई बाहेर बघत होती.

कौतिक आता उखर्डूनानांच्या वयाकडे झुकतोय. तिला विचारायचं तर आधी आपलं सांगावं लागेल, म्हणून त्यानं अजून विचारलेलं नाही. दीड महिना पापड लाटले ते स्वतःची चूक समजून, की त्याची चूक झाकायला? दवाखान्यात बोलली ते नर्सला, की त्याला? यातलं काहीच नको, एवढं एकच कळलं तरी त्याला पुरे आहे: त्या दुपारी, तो निप्पल खालून काढून वर लावत होता तेव्हा, चहाची कपबशी हातात घेऊन ती शेडच्या दारात किती वेळ उभी होती?